वाचकांचे प्रश्न : आल्प्समध्ये डाउनहिलला जाण्याआधी

फ्रान्समधल्या मोर्झीन आणि ले जे या गावांच्या बाइक पार्कला, म्हणजे लिफ्टने वर जाऊन सायकलने डोंगर उतरायच्या (डाउनहिल) वाटांवर, या उन्हाळ्यात जाणाऱ्या वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी काही.

प्रश्न : जुलैत आम्ही तिघे आठवडाभर मोर्झीनला चाललोय. माझ्याकडे १५० मिमी ट्रॅव्हलची (सस्पेन्शन एवढं दबतं) एंड्युरो सायकल आहे, म्हणजे चढ आणि उतार दोन्हीसाठीची. ती न्यावी की तिथे डाउनहिल सायकल भाड्याने घ्यावी? (पुणे)

उत्तर : पहिलीच खेप असेल तर भाड्याने घ्या. तुमची सायकल तिथे चालत नाही असं मुळीच नाही, पण पार्क तिला अक्षरशः झिजवून काढतो. मोर्झीनवरच्या प्लेनी डोंगराच्या माथ्यापासून मोर्झीन गावापर्यंत एका फेरीत साधारण ५०० मीटर उतार आहे. लिफ्टने वर जायचं असल्याने दिवसात दहा फेऱ्या सहज होतात. म्हणजे सिंहगडाच्या माथ्यावरून आतकरवाडीला दिवसातून दहा वेळा उतरायचं, रोज.

हेल्मेट, गुडघ्याचे पॅड, बूट आणि फ्लॅट पेडल मात्र स्वतःचेच न्या. दुकानात अंगावरच्या सगळ्या साहित्यासकट वजन सांगा आणि मागच्या शॉकचा सॅग, म्हणजे तुम्ही बसल्यावर तो दबतो ते प्रमाण, ३० टक्क्यांच्या आसपास लावून घ्या. आणखी एक तपासणी दुकानाच्या दारातच करायची : ब्रेक. आपल्या मोटरसायकल-स्कूटरवर पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो, फ्रान्समधल्या सायकलींवर तो डाव्या हाताला. वळणाआधी सवयीने मागचा समजून पुढचा दाबला की माणूस हँडलवरून पुढे जातो. बदलून मागा, नाही जमलं तर पहिला अर्धा तास सपाटीवर हात बसवा.

तरीही स्वतःचीच न्यायची असेल तर खर्च टायर आणि ब्रेकवर करा. ट्रेल केसिंगचं (केसिंग म्हणजे टायरचं अंग) हलकं टायर तिथल्या दगडांवर टिकत नाही. निदान मागे तरी डाउनहिल केसिंग हवं, मग ते १,२००-१,३०० ग्रॅम भरलं तरी चालेल. ट्यूबलेस असेल आणि वजन ७५ किलोच्या आसपास असेल तर पुढे २२-२४ आणि मागे २५-२८ पीएसआयपासून सुरुवात करा. रिम दगडाला आपटल्याचा आवाज आला की दोन पीएसआय वाढवा. आपल्या उन्हात सीलंट (टायरमधलं छिद्र बुजवणारं द्रव) लवकर सुकतं, म्हणून निघण्याआधी टायर उघडून बघा.

ब्रेकचे पॅड मेटॅलिक (धातूच्या भुकटीचे) घ्या, दोन जोड जास्तीचे. ऑर्गॅनिक (रेझिनचे) पॅड लांब उतारावर तापून चकचकीत होतात आणि पकड सोडतात. पावसाच्या चिखलात तर एका दिवसात संपू शकतात. नवे पॅड घातले की ताशी वीसेक किलोमीटर वेगावरून चालण्याच्या वेगापर्यंत, चाक लॉक न करता, वीस वेळा ब्रेक लावा आणि मगच लिफ्टला जा. हायड्रॉलिक ब्रेकमध्ये डॉट किंवा मिनरल यांपैकी एक ऑइल असतं. डॉट ऑइलचे ब्रेक असतील तर निघण्याआधी ऑइल बदलून घ्या. ते हवेतली ओल शोषतं, ओल शिरली की कमी तापमानाला उकळतं, आणि मग ब्रेकचा लिव्हर थेट ग्रिपला टेकतो. मिनरल ऑइलच्या ब्रेकमध्ये डॉट किंवा डॉटच्या ब्रेकमध्ये मिनरल कधीही घालू नका, सील फुगतात. डिरेलर हँगर (मागचा गिअर बदलणारा डिरेलर फ्रेमला जोडणारा छोटा तुकडा) तुमच्या फ्रेमचाच, दोन नग.

प्रश्न : सायकल विमानासाठी कशी बांधायची? (नाशिक)

उत्तर : आधी वजनाचा हिशेब. एंड्युरो सायकल १६ किलो आणि पॅडिंगची बॅग ८ ते १० किलो, म्हणजे नेहमीची २३ किलोंची मर्यादा इथेच ओलांडली जाते. ३२ किलोंपेक्षा जड एकच नग विमान कंपन्या सहसा सामान म्हणून घेतच नाहीत, त्यामुळे गुडघ्याचे पॅड आणि हेल्मेट दुसऱ्या बॅगेत टाका. सायकल नेणार हे तिकीट काढतानाच कळवा.

ब्रेकच्या दोन्ही डिस्क चाकांवरून काढा. वाकते ती डिस्कच, आणि वाकलेली डिस्क सरळ करण्यात सुट्टीची पहिली सकाळ जाते. सहा स्क्रू, टी-२५ पाना; परत बसवताना समोरासमोरचे स्क्रू आळीपाळीने, साधारण ६ न्यूटन-मीटरवर. कॅलिपरमध्ये (डिस्क धरणारा ब्रेकचा भाग) प्लॅस्टिकचा स्पेसर अडकवा. तो नसेल तर जाड पुठ्ठा चालेल, पण रिकामा ठेवू नका : बॅगेत लिव्हर दाबला गेला की पिस्टन बाहेर येतात आणि डिस्क आत जातच नाही. फोर्कच्या (पुढच्या चाकाचा चिमटा) आणि फ्रेमच्या मागच्या त्रिकोणाच्या टोकांमध्येही आधार हवा. डिरेलर हँगरवरून सोडवून फडक्यात गुंडाळा आणि फ्रेमच्या आत बांधा. ड्रॉपर पोस्ट (बटणाने खाली-वर होणारा सीटचा दांडा) उपसून काढू नका, आतली केबल ओढली जाते. खाली दाबून ठेवा. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात हे माहीत असूनही घाईत लोक तेच पेडल आवळत बसतात.

टायरमधली हवा कमी करा, पण पूर्ण सोडू नका. ट्यूबलेसची कड रिमवरून सुटली की सीलंट सगळ्या बॅगेत पसरतं. फोर्क आणि शॉकमधली हवा सोडायची गरज नाही. वायरलेस गिअरच्या बॅटऱ्या काढून हातातल्या सामानात ठेवा. ब्रेक क्लीनरचा स्प्रे आणि टायरमध्ये हवा भरायची सीओटू काडतुसं घरीच ठेवा. क्लीनर तिथे विकत घ्या. सायकल काही लाखांची असेल तर फ्रेम नंबर आणि बिल दाखवून निघतानाच विमानतळावर कस्टम्सचं निर्यात प्रमाणपत्र घ्या, म्हणजे परतताना नवी घेतलीत का हा प्रश्न उरणार नाही.

प्रश्न : लांब उतारावर माझे हात दगडासारखे होतात, बोटं ब्रेक सोडत नाहीत. ताकद कमी आहे का? (ठाणे)

उत्तर : बहुधा ताकदीआधी मांडणी चुकते. ब्रेकचा लिव्हर हँडलच्या मध्याकडे सरकवा, म्हणजे फक्त तर्जनी त्याच्या टोकाच्या आकड्यावर पडेल; बाकीची तीन बोटं ग्रिपवर. लिव्हर ग्रिपपासून फार लांब असेल तर जवळ आणा. मग फोर्क बघा. रिबाउंड, म्हणजे दबलेला फोर्क परत वर येण्याचा वेग, फार सावकाश असेल तर सलग खड्ड्यांत फोर्क पुन्हा वर येण्याआधीच पुढचा धक्का बसतो, तो दबत दबत कडक होतो आणि सगळा मार मनगटांवर येतो. जुलै-ऑगस्टमध्ये मोर्झीनच्या वळणांआधी ब्रेकमुळे पडलेल्या खळग्यांच्या रांगाच असतात, त्यामुळे रिबाउंडचा स्क्रू दोन क्लिक फिरवून तो मोकळा, म्हणजे जलद करून बघा. ब्रेक सतत घासत उतरणं हे तिसरं कारण, आणि खरं तर सर्वांत मोठं. सरळ पट्ट्यात ब्रेक पूर्ण सोडा, वळणाआधी जोरात आणि थोडाच वेळ दाबा. हात विसावतो आणि पॅडही थंड होतात.

व्यायाम आठ आठवडे आधी सुरू करा, आठवड्यातून दोनदा : डेडलिफ्ट, लंज, जड डंबेल घेऊन ४० मीटर चालणं आणि बारला ३०-४५ सेकंद लटकणं, प्रत्येकी तीन सेट. जवळच्या टेकडीवर उतार छोटा असला तरी एकदाही न बसता उतरा आणि लगेच पुन्हा चढा. शेवटच्या आठवड्यात वजनं बंद. तिथे गेल्यावर तिसऱ्या दिवशी अर्धी सुट्टी घ्या. आणि 'आता शेवटची फेरी' असं कोणी म्हणू नये, हा डाउनहिलवाल्यांचा संकेत आहे. त्यात अंधश्रद्धा कमी, थकलेल्या पायांची ओळख जास्त.

प्रश्न : आम्ही म्युनिकला राहतो. मुलगा १४ वर्षांचा, पार्कला पहिल्यांदाच. सुरुवात कुठे? (म्युनिक)

उत्तर : ले जेच्या शावान बाजूला. फ्रान्समध्ये वाटांच्या अवघडपणाचा हिरवा, निळा, लाल, काळा असा चढता क्रम असतो. पहिल्या दिवशी हिरवा-निळा पुरे. उडीचा उंचवटा दिसला की आधी चाक न उचलता त्याच्यावरून जा, उतरणीची जागा बघा. फुल-फेस हेल्मेट आणि पाठीचं कवच यांत तडजोड नको; पाठीच्या कवचावर ईएन १६२१-२ हा छाप बघा.

प्रश्न : व्हिसा आणि विम्याचं काय? स्वित्झर्लंडकडे उतरता येतं का? (कोल्हापूर)

उत्तर : मुक्काम मुख्यतः फ्रान्सचा असेल तर शेंगेन व्हिसासाठी फ्रान्सकडेच अर्ज करायचा : लवकरात लवकर सहा महिने आधी, उशिरात उशिरा १५ दिवस आधी. त्यासाठी लागणारा किमान ३०,००० युरोंचा विमा पुरेसा समजू नका. अशा अनेक पॉलिसींत साहसी खेळ वगळलेले असतात. डाउनहिल सायकलिंग, डोंगरातली सुटका आणि हेलिकॉप्टर ही तिन्ही मान्य असल्याचं लेखी घ्या.

पोर्त द्यू सोलेय या फ्रान्स-स्वित्झर्लंडच्या सामाईक परिसरात लिफ्ट बदलत स्वित्झर्लंडमधल्या शाम्पेरी गावाकडे जाता येतं. स्वित्झर्लंडही शेंगेनमध्ये असल्याने वेगळा व्हिसा नको, पासपोर्ट मात्र पाठीवरच्या पिशवीत हवा. परतीच्या मार्गावरच्या प्रत्येक लिफ्टची बंद होण्याची वेळ सकाळीच टिपून ठेवा. एक जरी चुकली तर डोंगराला वळसा घालून रस्त्याने यावं लागतं, आणि चिखलाच्या सायकलींसकट सगळ्यांना घेणारी टॅक्सी संध्याकाळी मिळणं कठीण असतं, मिळाली तर महागही पडते.