आधी खुर्चीत, मग कॉकपिटमध्ये

प्रिय कॅडेट,

तुझं पत्र वाचलं. दुंडिगलला, हवाई दलाच्या अकादमीत, दोन सॉर्टी (सरावाची उड्डाणं) लागोपाठ बिघडल्या, आता रिव्ह्यू लागलाय, म्हणजे तुला पुढे उडू द्यायचं का याची तपासणी, आणि तू विचारतोस, "सर, माझ्यात हातच नाही का?" हा प्रश्न परत विचारू नकोस. जन्मात एकदाच देता येणाऱ्या सीपीएसएसमधून, वैमानिक निवडायच्या संगणकीय चाचणीतून, तू पार झालास, म्हणजे हाताचा हिशेब तिथेच झाला. मला एवढंच सांग, काल रात्री खुर्चीत बसून किती सर्किट मारलीस, म्हणजे टेकऑफपासून उतरेपर्यंतचे धावपट्टीभोवतीचे फेरे?

तू लिहिलंयस, "प्रोसिजर पाठ आहे." पाठ असणं आणि हाताला ठाऊक असणं यात फार अंतर आहे. खोलीतली साधी खुर्ची घे. उजव्या हातात फूटपट्टी, ती स्टिक. डावा हात थ्रॉटलवर. पाय जमिनीवर, रडरवर असल्यासारखे. समोर घड्याळ. डोळे मिटून डाउनविंडपासून, म्हणजे धावपट्टीला समांतर उलट दिशेने जायच्या टप्प्यापासून, सुरू कर आणि सगळं मोठ्याने बोल: उंची, वेग, चाकं, फ्लॅप, इंधन, आरटीचा (रेडिओवरचा) कॉल, धावपट्टी खांद्याच्या कितपत मागे गेली. हात जिथे जायला हवा तिथे खरंच ने. डाउनविंड जेवढा वेळ हवेत चालतो तेवढाच खुर्चीत चालला पाहिजे. तिथे तो वीस सेकंदांत उरकला, तर तू काहीतरी गाळलंयस. खुर्चीत जिथे अडखळशील, तिथेच हवेतही अडखळशील. फक्त हवेत मागे बसलेला इन्स्ट्रक्टर ओरडत असतो आणि डोकं अर्धंच चालत असतं.

आता तुझी फायनल टर्न, धावपट्टीच्या रेषेत यायचं शेवटचं वळण. सेंटरलाइन ओलांडून पलीकडे जातोस, हे दोन्ही सॉर्टींत झालं. दोन्ही दिवशी वारा कुठून होता, ते तू लिहिलेलं नाहीस, यावरूनच मला कळलं. वारा डाउनविंडच्या बाजूकडून धावपट्टीकडे वाहत असेल, तर बेसवर, म्हणजे डाउनविंडकडून धावपट्टीकडे येतानाच्या टप्प्यात, तो तुला मागून ढकलतो. जमिनीवरचा वेग वाढतो, वळण रुंदावतं, आणि तू पलीकडे जातोस. सकाळच्या मेट (हवामानाच्या) ब्रीफिंगमध्ये वाऱ्याची दिशा आणि नॉट सांगतात. त्यावरून वळण किती लवकर सुरू करायचं ते कागदावर काढायचं असतं. तू ते काढलं नाहीस. मग पलीकडे गेल्यावर काय करतोस? बँक, म्हणजे पंखांचा कल, वाढवतोस आणि स्टिक ओढतोस. 60 अंश बँकमध्ये उंची राखून वळलास की विमानावर 2 जी, म्हणजे वजनाच्या दुप्पट भार, येतो आणि स्टॉलचा वेग (ज्याच्या खाली पंख विमान पेलत नाहीत) जवळजवळ दीडपट होतो, नेमकं सांगायचं तर 1.41 पट. वेग आधीच कमी, खाली काहीशे फूट. त्यात नाक आत आणायला आतल्या बाजूचा रडर दाबलास की आतला पंख कोसळतो, आणि सावरायला उंची नसते. म्हणून आज रात्रीच ठरव: बँक इतकीच, त्याच्या पुढे नाही. रेषा ओलांडली की थ्रॉटल पुढे, गो-अराउंड, उतरणं सोडून परत वर. हे तिथे ठरवायचं नसतं. तिथे ठरवायला बसलास तर अहंकार मध्ये येतो, आणि अहंकाराला धावपट्टी फार जवळ दिसते.

आरटीबद्दल तू ओझरतं लिहिलंयस, पण मला तो मोठा मुद्दा वाटतो. मराठी शाळेतून आलेल्या पोरांचं नेमकं इथे अडतं. आपण 'पंचवीस' म्हणताना पाच आधी घेतो, वीस नंतर. कंट्रोलर 'टू फाइव्ह झीरो' असं एकेक अंक सांगतो. तू मनात त्याचं 'अडीचशे' करतोस, मग उलटून परत इंग्रजी अंकांत आणतोस. या दोन सेकंदांत उंची 100 फूट सरकलेली असते. भाषांतर बंद कर. हेडिंग (विमानाची दिशा) आणि उंचीचे अंक रोज पन्नास वेळा एकेक करून मोठ्याने म्हण, मित्राला सांगायला लाव आणि रीडबॅक दे, म्हणजे ऐकलेलं जसंच्या तसं परत सांग. हेसुद्धा खुर्चीतच. न्यूनगंडाचं काही कारण नाही, सवयीचं आहे.

पुढे किरण, मग बीदरला हॉक, ही प्रशिक्षणाची जेट विमानं. तिथे जी येईल, आणि तिथेही हेच. बघ, 1 जी वाढला की मेंदूपाशी पोचणारा रक्तदाब साधारण पाऱ्याच्या 22 मिमीने उतरतो. मेंदूत प्राणवायूची शिल्लक चार-सहा सेकंदांची. जी हळू चढला तर आधी डोळ्यांपुढे करडं होतं, ती सूचना मिळते. झटक्यात चढला तर सूचना मिळतच नाही, थेट शुद्ध जाते; आणि शुद्ध आल्यावरही काही सेकंद माणूस गोंधळलेला असतो. जी-सूट (पाय-पोट दाबून धरणारा पोशाख) तुला एक-दीड जी देतो, बाकीचं तुझ्या स्नायूंनी द्यायचं. स्टिक ओढायच्या आधी पोटऱ्या, मांड्या, नितंब, पोट आवळायचं. पूर्ण श्वास घेऊन घसा बंद करायचा. दर तीन सेकंदांनी झटक्यात श्वास बदलायचा, छाती रिकामी न करता. आधी! ओढून मग आवळलं तर उशीर झालेला असतो. आणि रिकाम्या पोटी, पाणी न पिता गेलास तर हे सगळं शिकूनही उपयोग नाही.

इजेक्शनचंही, म्हणजे सीटसकट विमानाबाहेर पडण्याचंही, तेच. सीट शून्य उंचीवरूनही माणूस बाहेर काढते, पण विमान खाली बुडत असेल तर तो हिशेब बिघडतो. 3000 फूट प्रति मिनिट म्हणजे सेकंदाला 50 फूट. 'बघू, सावरेल' असं तीन सेकंद म्हटलंस की 150 फूट गेले. सीटमध्ये दोष नसताना माणसं जातात ती या तीन सेकंदांत. तुझ्या विमानाच्या पुस्तकात कुठल्या स्थितीत किती उंचीवर बाहेर पडायचं ते छापलंय. तो आकडा टेकऑफच्या आधी मनात म्हणायचा, रोज. डोकं हेडरेस्टला, पाठ ताठ, कोपरं आत, हेही रोज. कण्याला बसणारा हिसका लहान नसतो.

मी हे उशिरा शिकलो. कसं, ते सांगत बसत नाही. मी पोरांना खुर्चीला बांधून ठेवतो अशी तक्रार होती. होती तर होती. ज्यांचा हात मुळातच गोड असतो ते आधी पुढे जातात, हे मला मान्य आहे. पण असे लोक तयारी सोडतात, आणि ज्या दिवशी हवा खराब असते त्या दिवशी गोड हाताला कोणी विचारत नाही. माझं चुकत असेल तर तुझ्या फ्लाइट कमांडरला विचार. मी बदलणार नाही.

राहिला स्ट्रीमचा प्रश्न. फायटर नाही मिळालं तर येलहंकाला ट्रान्सपोर्ट किंवा हकिमपेटला हेलिकॉप्टर. त्यावर आत्ता झोप घालवू नकोस. सुखोई का तेजस हा विचार तर त्याहूनही लवकरचा. सप्टेंबर 2025 मध्ये मिग-21 गेलं, ज्यावर कितीतरी पिढ्या घडल्या; विमानं बदलतात, तुला सध्या एक सर्किट नीट मारायचंय.

डिब्रीफमध्ये (उड्डाणानंतरच्या चर्चेत) गप्प बसतोस, असंही लिहिलंयस. इन्स्ट्रक्टरने तोंड उघडायच्या आधी तुझी चूक तू सांग, कारणासकट. "वारा धरला नाही, म्हणून बाहेर गेलो," एवढं वाक्य. "थोडं लक्ष नव्हतं" हे कारण नव्हे. संध्याकाळी वहीत तेच लिही आणि रात्रीचं पहिलं सर्किट त्याच चुकीवर मार.

रिव्ह्यूच्या आदल्या रात्री पाच सर्किट, दोन गो-अराउंड, एकदा टेकऑफनंतर इंजिन बंद. शेवटच्या वेळी खोलीतल्या मित्राला मध्येच काहीतरी भलतं विचारायला सांग. गडबडलास तर तेवढंच परत कर. मग दिवा घालव आणि दहाच्या आत झोप.

तुझा,
सर