64 चिटौरी आणि 3,200 डॉलर

क्लीव्हलंडहून एका वाचकाने विचारलं आहे: "एका संग्राहकाकडे चिटौरी सैनिकांच्या ('द अ‍ॅव्हेंजर्स' सिनेमातली परग्रहावरची फौज) 64 अ‍ॅक्शन फिगर्स, म्हणजे खेळण्यातल्या बाहुल्या आहेत, निरनिराळ्या कंपन्यांच्या. 40 खोक्यात सीलबंद, 24 सुट्या. सगळा लॉट 3,200 डॉलरला देतो म्हणतो, महिनाअखेरपर्यंत कळवायचं आहे. माझ्याकडे हौसेसाठी बाजूला ठेवलेले 640 डॉलर आहेत, बाकी क्रेडिट कार्डवर घेऊन दरमहा 150 फेडेन. सीलबंद फिगर्सची किंमत वाढतेच, म्हणजे ही गुंतवणूकच झाली. पत्नीला पटत नाही. पगार वर्षाला 84,000 डॉलर, एच-वन-बी व्हिसा (नोकरीवर अवलंबून असलेला), शिल्लक दोन महिन्यांच्या खर्चाएवढी. घेऊ का?"

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, ते त्यातल्या एका वाक्यासाठी. 2011 च्या उन्हाळ्यात तुम्ही विद्यार्थी म्हणून क्लीव्हलंडला उतरलात आणि त्याच ऑगस्टमध्ये ईस्ट नाइंथ स्ट्रीटवर 'द अ‍ॅव्हेंजर्स'चं चित्रीकरण चाललेलं पाहिलंत. पडद्यावर ते मॅनहॅटन झालं, पण जळक्या गाड्या आणि विटांचे ढिगारे तुमच्या नव्या गावाच्या रस्त्यावर होते. तो रस्ता तळघरातल्या टेबलावर उभा करायचा आणि त्यावर परग्रहावरची फौज उतरवायची, हे तुमच्या मनात इतकी वर्षं आहे. हे खूळ आहे असं मला अजिबात वाटत नाही. माझा आक्षेप फक्त 'गुंतवणूक' या शब्दाला आहे.

आधी एकाच सैनिकाचा हिशेब करू. लॉटच्या भावाने तो तुम्हाला 50 डॉलरला पडतो. समजा पाच वर्षांनी तो 70 ला विकला गेला, म्हणजे भाव 40 टक्क्यांनी चढला. ईबेसारख्या ठिकाणी शुल्क साधारण 13 टक्के, म्हणजे 9 डॉलर 10 सेंट गेले. खोका, बबल रॅप आणि टपाल तुमच्याकडे असेल तर आणखी 10 धरा. हातात उरले 50 डॉलर 90 सेंट. पाच वर्षं सांभाळून एका सैनिकामागे 90 सेंट, आणि त्यासाठी 64 पार्सलं बांधायची. नफा झाला तर तो करपात्र, तोटा झाला तर हौसेच्या वस्तूवर वजावट मिळत नाही. तुम्ही पाठवलेले 90-100 चे आकडे मी पाहिले. ते मागितलेले भाव आहेत. 'विकल्या गेलेल्या' वस्तूंची यादी वेगळी निघते, ती उघडून बघा.

पण तुमचं म्हणणं पूर्ण चूकही नाही. जुन्या फिगर्सना मोठा भाव आला, हे खरंच आहे. तो का आला, ते मात्र बघायला हवं. तुमच्याच ओहायोतल्या सिनसिनाटीच्या केनर कंपनीला 1977 च्या नाताळापर्यंत 'स्टार वॉर्स'ची खेळणी तयार करता आली नाहीत. तिने फिगर्सऐवजी पाकिटात हमीपत्र घालून विकलं, फिगर्स 1978 मध्ये घरी पोचल्या. पोरांनी पाकिटं फाडली, त्या मातीत खेळवल्या, चिमुकल्या तलवारी हरवल्या, उरलेलं आयांनी टाकून दिलं. धड राहिल्या त्या मोजक्या, म्हणून महाग. 2012 नंतरच्या फिगर्स मोठ्या माणसांनी पहिल्या दिवसापासून सीलबंद जपल्या आहेत. सगळेच जपतात ती वस्तू दुर्मीळ कशी होणार? नव्वदीच्या दशकात कॉमिक्सचं हेच झालं. लोकांनी पिशवीत घालून प्रतींचे गठ्ठे रचले, बाजार कोसळला आणि डिसेंबर 1996 मध्ये खुद्द कॉमिक्स काढणाऱ्या मार्व्हल कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला.

सैनिकांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. आयर्न मॅन एक घेतला की झालं. फौजेला संख्या लागते, म्हणून संग्राहक एकाच शिपायाचे डझनभर नग घेतात. त्याला ते आर्मी बिल्डिंग म्हणतात. मागणी टिकून राहते ती त्यामुळेच, पण तुमचा खर्चही त्यामुळेच कुठे थांबत नाही. आणि मागणी दिसली की कंपनी तोच साचा पुन्हा वापरून नवा माल काढू शकते. तसं झालं की जुन्याचा भाव उतरतो.

आता कर्जाकडे येऊ. तुमच्या कार्डाचा व्याजदर 24 टक्के आहे. पूर्ण 3,200 कार्डावर टाकले आणि 150 चा हप्ता धरला, तर 29 हप्ते लागतील आणि व्याजच हजार डॉलरच्या घरात जाईल. 640 रोख दिलेत तर दोन्ही आकडे कमी होतील, पण तरी शेकड्यांत व्याज भरावं लागेल.

पत्रातला एक तपशील तुम्ही ओझरता लिहिला आहे, मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटला. तुमची कंपनी फोर-ओ-वन-के या निवृत्तीच्या बचत खात्यात पगाराच्या 5 टक्क्यांपर्यंत तुमच्याइतकीच भर घालते आणि तुम्ही 3 वर थांबला आहात. उरलेले 2 टक्के म्हणजे महिन्याला 140 डॉलर. हप्त्यासाठी जे 150 काढायची तुमची तयारी आहे, त्यातले 140 इथे टाकलेत की कंपनी आपले 140 टाकते. वर्षाला 1,680 डॉलर तुम्ही टेबलावर सोडून उठता आहात, आणि ते कोणत्याही खोक्यातल्या सैनिकापेक्षा खात्रीचे आहेत.

शिलकीची मला खरोखर काळजी वाटते. एच-वन-बीवर नोकरी गेली तर नवा मालक शोधायला जास्तीत जास्त 60 दिवस मिळतात. दोन महिन्यांची शिल्लक तेवढीच पुरते, पण घर आवरून, मुलीची शाळा सोडवून परतीची तिकिटं काढायची वेळ आली तर पुरणार नाही. यंदाचा कर-परतावा आला की तो थेट या शिलकीत टाका आणि ती निदान चार महिन्यांवर न्या. पत्नीचा विरोध खेळण्यांना आहे की या भीतीपोटी आहे, हे त्यांना एकदा शांतपणे विचारा.

मग फौजेचं काय? तुम्हाला रस्ता मांडायचा आहे. मांडायला सुटे सैनिक लागतात. सीलबंद 40 घेतलेत तर जादा पैसे पुठ्ठ्याला आणि प्लास्टिकला मोजाल, आणि मांडताना तेच फाडाल. त्या माणसाला फक्त 24 सुटे मागा, नगाला 25 पासून बोली सुरू करा. 600 होतात, ते तुमच्या 640 मध्ये बसतात. तो 30 म्हणाला तर 20 किंवा 21 घ्या. सगळा लॉटच विकायचा म्हणाला तर सोडून द्या.

आणि घेण्याआधी प्रत्येकाचे घोटे नि गुडघे हलवून बघा. तुम्ही पाठवलेल्या फोटोत मागच्या रांगेतले दोघे भिंतीला टेकवून उभे केले आहेत, त्यांचे सांधे सैल झालेले असणार. हाताला चिकट लागलं तर प्लास्टिकमधलं तेल बाहेर येतंय असं समजा. बंदुका मोजून घ्या, सुट्या मालात त्याच आधी हरवतात. मोठे पुढे आणि लहान मागे लावलेत तर 24 जणांचीही फौज लांबवर पसरलेली दिसेल. निरनिराळ्या मापांच्या फिगर्स असल्याचा इथे फायदाच आहे.

त्याला उत्तर लिहिण्याआधी कंपनीच्या पोर्टलवर जाऊन 3 चे 5 तेवढे करून टाका.