स्टेरॉइड चालू आहे ना, मग हाडांचंही बघ

अरे, मेसेज वाचला तुझा. शौचातून रक्त जायचं थांबलं, वजन वाढलं, बेस्ट. पण जुनंच प्रिस्क्रिप्शन दाखवून कॉलेज रोडच्या मेडिकलमधून प्रेडनिसोलोन, म्हणजे ती स्टेरॉइडची गोळी, परत परत आणतोयस, ते मला अजिबात पटलेलं नाही.

कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याची सूज, उसळला की ती गोळी भारी काम करते, वाद नाही. पण ती हाडं बनवणाऱ्या पेशींना दाबते, आतड्यातून कॅल्शियम कमी शोषलं जातं, लघवीतून जास्त जातं, आणि झीज सगळ्यात फास्ट होते ती पहिल्या तीन ते सहा महिन्यांत, तेव्हा दुखतबिखत काही नाही त्यामुळे कळतही नाही. आता हे वाचून उद्यापासून गोळी बंद करशील, तर तसंही करू नकोस हं! शरीराचं स्वतःचं कॉर्टिसॉल, म्हणजे नैसर्गिक स्टेरॉइड, मंदावलेलं असतं, डोस डॉक्टरांनीच हळूहळू उतरवायचा.

सगळं पाप गोळीचंही नाही म्हणा. आतड्याची सूजच हाडं पोखरते, त्यात टीएनएफ नावाचं प्रोटीन वाढतं आणि ते हाडं झिजवणाऱ्या पेशींना चेव आणतं. म्हणून तर इन्फ्लिक्सिमॅबसारख्या इंजेक्शनांनी सूज आटोक्यात आली की बऱ्याच जणांची हाडंही सुधारतात. महाग आहेत, आधी टीबीची तपासणी लागते. ॲझाथायोप्रिन ही प्रतिकारशक्तीला आवर घालणारी गोळी स्वस्त, पण असर दिसायला दोन-तीन महिने जातात आणि मधेमधे रक्त तपासावं लागतं. तुला काय चालेल ते मी नाही सांगणार, पण "स्टेरॉइडनंतर पुढे काय?" हे डॉक्टरांना तोंडाने विचार.

डेक्सा स्कॅनचंही विचार, त्यात हाडांची घनता मोजतात. तुझ्या वयात झेड-स्कोअर बघतात, म्हणजे आपल्याच वयाच्या लोकांशी तुलना, उणे 2 किंवा त्याखाली असला तर घनता कमी. व्हिटॅमिन डी तपास, 60,000 युनिटची पावडर मात्र मनाने खात सुटू नकोस. नाचणीत 100 ग्रॅमला साधारण 340 मिलिग्रॅम कॅल्शियम, पोट बिघडलेलं असेल तेव्हा भाकरीपेक्षा सत्त्वाची पेज बरी.

आणि नाशिककर म्हटल्यावर सायकल आलीच, हृदयाला छान, पण हाडांवर भार पडत नाही त्यात. पांडवलेणीच्या पायऱ्या चढ की. फक्त जांघेत दुखायला लागलं तर थांब आणि लगेच दाखव, स्टेरॉइडने खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटू शकतो आणि सुरुवातीला एक्स-रेमध्ये ते दिसत नाही, एमआरआय लागतो.

अपॉइंटमेंटला जुनी सगळी प्रिस्क्रिप्शनं ने, मेडिकलमधून परस्पर आणलेल्या गोळ्याही सांग, लपवू नकोस. डेक्साचा रिपोर्ट आला की फोटो पाठव.