घर विकण्याआधी सोलर, इन्सुलेशन (उष्णता अडवणारा थर), नव्या खिडक्या यांवर खर्च केला तर किंमत जास्त मिळते का?

मिळते, पण घातलेला सगळा पैसा किमतीतून वसूल होईल असं धरून चालू नका. वर्ष-दोन वर्षांत विकणार असाल तर आधी फटी बुजवा आणि छताला इन्सुलेशन करा. खर्च कमी, फरक लगेच जाणवतो. अडचण एवढीच, की इन्सुलेशन दिसत नाही. म्हणून काम चालू असताना फोटो काढून ठेवा आणि आधीची व नंतरची वीजबिलं एका फाईलमध्ये लावा. भर उन्हाळ्यातलं कमी आलेलं बिल समोर ठेवलं की घासाघीस बरीच आवरते.

सोलरचं जरा वेगळं. पॅनेल साधारण 25 वर्षं चालतात, इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारं यंत्र) मात्र बहुधा 10-15 वर्षांतच बदलावा लागतो. जाणकार गिऱ्हाईक पहिला प्रश्न त्याचाच विचारतं. पॅनेल स्वतःच्या मालकीचे असतील तर उत्तम. भाडेकराराचे असतील तर तो करार नव्या मालकाच्या गळ्यात पडतो आणि व्यवहार अडतो.

एलईडी दिवे लावा, पण त्याने घराची किंमत वाढत नाही. खिडक्या धड असतील तर फक्त विक्रीसाठी बदलू नका, तो खर्च सहसा अंगावरच येतो.