ट्रान्सफेरिन लावलं, मग पी५३ पेशीत का पोचत नाही?

तुम्ही विचारलंय की कॅन्सरच्या पेशींवर ट्रान्सफेरिनचे (रक्तात लोह वाहून नेणाऱ्या प्रथिनाचे) रिसेप्टर, म्हणजे त्याला पकडणारे रेणू, जास्त असतात, तर नॅनोकणाला ट्रान्सफेरिन लावल्यावर आतलं पी५३ हे कॅन्सर रोखणारं जनुक नेमकं त्याच पेशींत जायला हवं. मग घोडं अडतं कुठे?

एक गैरसमज आधी दूर करते. ट्रान्सफेरिन कणाला गाठीकडे ओढून नेत नाही. कण रक्ताबरोबर वाहत जातो आणि यकृत, प्लीहा वाटेतच बरेचसे कण गिळतात. दहा वर्षांच्या प्रयोगांचा एक आढावा 2016 मध्ये आला होता. त्यात शिरेतून दिलेल्या मात्रेतला गाठीत पोचलेला वाटा होता 0.7 टक्के, तोही मध्यक. ट्रान्सफेरिनचा उपयोग होतो तो गाठीत पोचल्यावर, पेशीने कण आत घ्यावा म्हणून.

आत घेतला म्हणजे काम झालं असंही नाही. कण एंडोसोम नावाच्या पिशवीत बंद असतो. तिथला पीएच 7.4 वरून 5 च्या आसपास उतरत जातो आणि पिशवी वेळेत फुटली नाही तर जनुक तिथेच पचून जातं. म्हणून असे लिपिड निवडतात की जे रक्तात उदासीन राहतील, पण आम्लात धनभारित होऊन पिशवीचं आवरण फाडतील. हे साधणं फार अवघड आहे. शिवाय डीएनएला पुढे केंद्रकातही शिरायचं असतं, आणि ते बहुतेक वेळा पेशी विभागताना केंद्रकाचं आवरण विरघळतं तेव्हाच जमतं. एमआरएनएची, म्हणजे प्रथिन बनवण्यासाठी काढलेल्या जनुकाच्या प्रतीची, ही पायरी वाचते.

मी हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाचं जनुक घेऊन हे करायचे. सीरम (रक्तातल्या पेशी आणि गोठणारा भाग काढून उरलेला द्रव) नसलेल्या डिशमध्ये मायक्रोस्कोपखाली सगळीकडे हिरवंगार. तेच कण सीरम घालून दिले, तर हिरव्या पेशी बोटांवर मोजता येतील इतक्याच. सीरममधली प्रथिनं कणाभोवती चिकटतात आणि खालचं ट्रान्सफेरिन झाकून टाकतात. तो दिवस मी विसरलेले नाही.

तरी हा मार्ग सोडू नका. ट्रान्सफेरिन लावलेल्या कणांतून मेलानोमाच्या (त्वचेच्या एका कॅन्सरच्या) रुग्णांना एसआयआरएनए, म्हणजे ठरावीक प्रथिन बनणं थांबवणारा आरएनएचा छोटा तुकडा, दिला होता. 2010 च्या त्या अहवालात गाठीच्या तुकड्यांमध्ये कण पेशींच्या आत दिसले आणि लक्ष्य केलेलं प्रथिन घटलेलं आढळलं. पण एसआयआरएनएला केंद्रकात जावं लागत नाही, तुमच्या पी५३ ला लागतं. म्हणून पहिला प्रयोग सीरम घालूनच करा, आणि शेजारच्या डिशमध्ये ट्रान्सफेरिन नसलेला तोच कण ठेवा.