तिसऱ्या नीटआधी पोरीशी बोला

चोपडा तालुक्यातून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलीने दोनदा नीट दिली, एमबीबीएसपुरते गुण पडले नाहीत. आत्या आशा कार्यकर्ती आहे, तिच्याबरोबर ती सातपुड्याच्या पाड्यांवर सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या तपासणीला गेली आणि तेव्हापासून 'स्टेम सेलमध्ये संशोधन करायचं' म्हणतेय. वडील विचारतात: तिसऱ्या प्रयत्नाला तिला कसं तयार करू? नाहीच जमलं, तर केळीचं शेत गहाण टाकून मॅनेजमेंटची सीट घेऊ का?

भाऊसाहेब, मला तिच्या गुणांची काळजी वाटली नाही. 'मोबाइल काढून घेतला आहे' आणि 'हे पत्र तिला माहीत नाही, घरी फोन करू नका' ही दोन वाक्यं वाचून वाटली. ती बोलत नाही, नीट जेवत नाही, हेही तुम्हीच लिहिलंय आणि त्याला अभ्यासाचा ताण म्हणून मोकळे झालात. एकोणीस वर्षांच्या मुलीचं कुणी ऐकूनच घेत नसेल तर ती बोलणार कुणाशी? तिसऱ्या नीटचा विषय आजच बंद करा. शेतही गहाण टाकू नका. हप्ते तुम्ही फेडाल, पण ओझं ती वाहील. मोबाइल परत द्या. जेवण-झोप सुधारली नाही तर डॉक्टरांना दाखवा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

'डॉक्टर झाल्याशिवाय उपचाराला हात कोण लावू देणार?' हा तुमचा समज साफ चुकीचा आहे. वेल्लोरच्या सीएमसी रुग्णालयात हिमोफिलियाच्या, म्हणजे रक्त नीट न गोठण्याच्या आजाराच्या, पाच रुग्णांच्या स्वतःच्याच स्टेम सेलमध्ये (रक्ताच्या पेशी तयार करणाऱ्या मूळ पेशींमध्ये) रक्त गोठवणारं जनुक घालून त्या परत दिल्या गेल्या. निष्कर्ष डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. रुग्ण डॉक्टरांनी सांभाळले, पण पेशींमध्ये जनुक घालणं, त्या सुरक्षित आहेत का हे पडताळणं ही प्रयोगशाळेतल्या माणसांची कामं. म्हणून अशा कामासाठी पैसाही टीम बघून दिला जातो. कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी स्टेम सेल संशोधनाला २००४ मध्ये ३०० कोटी आणि २०२० मध्ये आणखी ५५० कोटी डॉलर मंजूर केले. त्यातली मोठी अनुदानं डॉक्टर आणि शास्त्रज्ञ यांच्या एकत्रित टीमना मिळाली. आपल्याकडे वेल्लोरच्या कामामागे केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग आहे.

आणि तिची इच्छा पोरकट नाही. रुग्णाच्याच स्टेम सेल दुरुस्त करणारा सिकलसेलवरचा कॅसजेव्ही हा उपचार २०२३ च्या अखेरीस ब्रिटन-अमेरिकेत मंजूर झाला. अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर. सातपुड्यातल्या धडगावच्या लेकराला तो परवडावा यासाठी खपणारी माणसं हवीत, आणि पाड्यावरचा आजार डोळ्यांनी पाहिलेली मुलगी त्यात का नसावी?

वाट सरळ आहे: जळगाव-धुळ्यात बीएस्सी, मग जॅम किंवा गॅट-बी ही प्रवेश परीक्षा देऊन एमएस्सी, पुढे नेट-जेआरएफ, म्हणजे संशोधनाच्या शिष्यवृत्तीची परीक्षा. जेआरएफला महिना ३७,००० रुपये मिळतात, म्हणजे पीएचडीसाठी तुम्हाला शेत विकावं लागत नाही. वेळ मात्र लागतो. पीएचडीचीच पाच-सहा वर्षं धरा.

बीएस्सीचा प्रवेश सुरू असेल तर याच आठवड्यात तिच्यासोबत कॉलेजात जा. फॉर्म तिला भरू द्या, विषयही तिलाच निवडू द्या.