महापालिका हवामान बदलाचं काय करू शकते? नाशिकमधलं माझं निरीक्षण

तुमचा प्रश्न असा आहे: "हवामान बदल हा सगळ्या जगाचा प्रश्न, त्यात नाशिक महापालिका काय दिवे लावणार?"

दिवे तर तिने लावलेत. रस्त्यावरचे जुने पिवळे सोडियमचे दिवे गेले, एलईडी आले, आणि त्यांना वीज कमी लागते. पण तुमचा रोख कळला.

माझ्या मते 'हवामान' अशी पाटी शोधत महापालिकेत फिरलात तर हाती फारसं लागणार नाही. राज्याचं 'माझी वसुंधरा' अभियान 2020 पासून आहे. भूमी, जल, वायू, अग्नी, आकाश अशा पाच तत्त्वांवर शहरांना गुण मिळतात, समारंभ होतात. वाईट नाही, पण खरी परीक्षा गटारात होते.

माझ्या मामांचं भांडी बाजारात दुकान आहे, सराफ बाजाराला लागूनच. 2 ऑगस्ट 2016 ला गोदेला पूर आला, तेव्हा आम्ही तांब्याचे हंडे हातोहात पोटमाळ्यावर चढवत होतो. अर्धे चढले, बाकीचे गाळात रुतले. पाणी ओसरल्यावर मामांनी भिंतीवर ऑइल पेंटने रेघ मारली. 4 ऑगस्ट 2019 ला दुसरी मारली. नाशिककर पूर मोजतो गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर, मामा मोजतात भिंतीवर.

पण गंमत पुढेच आहे. नदीला पूर नसतानाही तासभर पाऊस कोसळला की तिथे गुडघाभर पाणी साचतं. कारण बाजाराच्या पोटातून सरस्वती नाला जातो, वरून झाकलेला. हवेचं तापमान 1 अंशाने वाढलं की ती साधारण 7 टक्के जास्त बाष्प धरू शकते, म्हणजे थोड्या वेळात धो धो पडण्याचं प्रमाण वाढणार. नाला मात्र जुन्याच पावसाच्या मापाचा. पॅरिसमध्ये कुठलाही करार होवो, तो नाला रुंद करणं, त्यातला गाळ काढणं आणि निळ्या पूररेषेच्या (नदीकाठी आखलेल्या पुराच्या हद्दीच्या) आत बांधकामाला परवानगी न देणं ही कामं महापालिकेचीच. म्हणून "काय करू शकते?" याचं माझं पहिलं उत्तर नालाच.

दुसरं, बस. 8 जुलै 2021 ला महापालिकेची 'सिटीलिंक' बससेवा सुरू झाली. त्याआधी शहरातली सेवा एसटी चालवायची. बहुतेक गाड्या सीएनजीच्या. सीएनजी म्हणजे काही अमृत नव्हे, जळतो तोही. पण एका बसमध्ये चाळीस माणसं बसली की तेवढ्या दुचाकी घरी राहतात. त्यामुळे बस कशावर चालते यापेक्षा ती वेळेवर येते का, याला मी जास्त महत्त्व देतो.

विल्होळीजवळचा कचऱ्यापासून वीज करण्याचा प्रकल्प फार कमी लोकांना माहीत आहे. जर्मनीच्या मदतीने 2017 मध्ये तो सुरू झाला. हॉटेलांमधलं उरलंसुरलं अन्न आणि शौचालयांचा मैला एकत्र कुजवून बायोगॅस करायचा, त्यातून वीज. क्षमता दिवसाला 30 टन. शहराच्या एकूण कचऱ्यापुढे किरकोळ, पण कल्पना पक्की: ओला कचरा ढिगात सडला की मिथेन सुटतो, आणि शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या अठ्ठावीस पट तापवतो. तेव्हा घंटागाडीत ओला-सुका वेगळा टाकणं हे नुसतं स्वच्छतेचं काम नाही.

झाडांवर मात्र मी चिडून बोलणार. 2025 च्या अखेरीस तपोवनात 2027 च्या कुंभमेळ्यासाठी साधुग्राम, म्हणजे साधूंच्या मुक्कामाची वस्ती, उभारायचं म्हणून झाडं तोडण्याची नोटीस निघाली आणि शहर पेटून उठलं. एकाच्या बदल्यात अनेक लावू, हे उत्तर मला पटत नाही. कायदाही रोपं मोजून थांबत नाही. राज्याच्या वृक्ष कायद्यात 2021 च्या दुरुस्तीने असं ठरलं की झाड जितक्या वर्षांचं, तितकी नवी झाडं लावायची, आणि पन्नाशी ओलांडलेलं झाड वारसा वृक्ष धरायचं. म्हणून नोटीस दिसली की आधी झाडांची वयं विचारा. हरकत लेखी द्या. तोंडी तक्रारीची पोच मिळत नाही.

आणि हो, मार्च 2022 पासून जानेवारी 2026 च्या निवडणुकीपर्यंत इथे नगरसेवकच नव्हते, प्रशासकच कारभार बघत होते. आता विचारायला माणूस आहे. त्याला वृक्षारोपणाचं आमंत्रण देऊ नका, येईल तो. पावसाळ्याआधी प्रभागातला कुठला नाला कधी उपसणार, ती तारीख मागा.

मामांची पद्धत त्याहून सोपी आहे. मे संपत आला की ते संध्याकाळी चालत सरस्वती नाल्याच्या चेंबरपर्यंत जातात. बाजूला काढलेल्या ओल्या गाळाचा ढीग दिसला तर हंडे खालीच राहतात. झाकणावर धूळ तशीच असली, तर मला फोन येतो, "रविवारी मोकळा आहेस ना रे?"